सिल्क रोडचा तपास : कोण कुठून आलं होतं आणि कुणाला काय दिसलं

सिल्क रोड या अमली पदार्थांच्या ऑनलाइन बाजाराचा मालक अमेरिकेतल्या चार-पाच तपास यंत्रणांना दोन वर्षं हुलकावणी देत होता. त्याच्या खऱ्या नावापर्यंत पहिल्यांदा पोचला तो आयकर खात्यातला एक अधिकारी. २०१३च्या मे महिन्यातला शेवटचा शनिवार-रविवार होता आणि त्याच्या हाताशी होतं साधं गुगल. ना महागडं सॉफ्टवेअर, ना प्रयोगशाळा. ठरावीक तारखांमधलाच मजकूर शोधायची जी सोय गुगलवर कुणालाही मिळते, तीच त्यानं वापरली.

डिजिटल पुराव्याच्या माझ्या वर्गात मी हे प्रकरण दर वर्षी घेतो. त्याला कारण आहेत वर्गात येणारी मुलं आणि त्यांचे आईवडील. ‘बीसीए झालंय, चालेल ना?’, ‘मुलगी कॉमर्सची आहे, तिला यात काही आहे का?’, ‘सर, अमुक सर्टिफिकेट केलं की पोलिसांचं काम मिळतं ना?’ हे प्रश्न जून-जुलैत रोजचे. विचारणाऱ्या प्रत्येकाच्या मनात एक समजूत पक्की असते, की हे काम कॉम्प्युटरवाल्यांचं. सिल्क रोडचा तपास या समजुतीला जितक्या बाजूंनी हादरे देतो, तितके देणारं दुसरं प्रकरण मला माहीत नाही. म्हणून इथे आरोपीपेक्षा तपास करणाऱ्यांकडे जास्त बघू या. ते आधी काय काम करत होते आणि त्या कामाच्या सवयीनं त्यांना काय दिसलं, एवढंच मला मांडायचं आहे.

बाजार

सिल्क रोड २०११च्या सुरुवातीला सुरू झालं. साइट टॉरवर होती. टॉरमध्ये तुमचा संदेश जगभरच्या अनेक यंत्रांतून उड्या मारत जातो, त्यामुळे गिऱ्हाईक कुठलं आणि सर्व्हर कुठला, दोन्ही कळत नाही. पैसे बिटकॉइनमध्ये. माल हाती पडेपर्यंत रक्कम साइटकडे अडकून राहायची, मग विक्रेत्याला मिळायची. विक्रेत्यांना गिऱ्हाइकांचे शेरे आणि गुण असायचे, अगदी कपडे विकणाऱ्या साइटवर असतात तसे. मालक ‘ड्रेड पायरेट रॉबर्ट्स’ या टोपणनावानं वावरायचा. माल मात्र जायचा साध्या टपालानं. म्हणजे नाव, पैसा, सर्व्हर सगळं झाकलेलं. उघड्यावर फिरत होतं ते फक्त पाकीट.

पाकीट पाहणारा

शिकागोच्या ओहेअर विमानतळावर परदेशी टपाल उतरतं. तिथे होमलँड सिक्युरिटीचा, म्हणजे अमेरिकेच्या अंतर्गत सुरक्षा खात्याचा, जॅरेड डेर-येघियायन काम करत होता. २०११च्या उन्हाळ्यात नेदरलँड्सहून आलेल्या एका पाकिटात एक्स्टसी या अमली पदार्थाची एकच गोळी निघाली. एका गोळीसाठी कुणी गुन्हा दाखल करत बसत नाही. किलोंचा माल पकडायची सवय असलेल्या खात्यात तर नाहीच. पण पाकिटं वाढत गेली. हा माणूस ती जमवत राहिला, कुठून आली, कशी बांधली, कशी चिकटवली याकडे बघत राहिला. मग त्यानं स्वतः गिऱ्हाईक बनून पन्नासहून अधिक वेळा माल मागवला, म्हणजे आलेलं पाकीट आणि साइटवरचा विक्रेता यांची जोडी लावता येईल.

२०१३च्या जुलैत त्याला याहून मोठी संधी मिळाली. साइटसाठी काम करणाऱ्या एका बाईचं ‘सिरस’ नावाचं खातं तपास यंत्रणेच्या ताब्यात आलं आणि ते तो चालवू लागला. मालक त्याला आपला नोकर समजून कामं सांगायचा, बिटकॉइनमध्ये पगार द्यायचा. आपण कुणाला पगार देतोय याची मालकाला गंधवार्ता नव्हती.

याच माणसाची एक चूकही इथेच सांगायला हवी, कारण पुढे खटल्यात ती वर आली. मधल्या काळात त्याचा संशय भलत्याच माणसावर होता: जपानमधून माउंट गॉक्स हे बिटकॉइन एक्सचेंज चालवणाऱ्या मार्क कार्पेलेसवर. बचाव पक्षाच्या वकिलानं उलटतपासणीत हे बाहेर काढलं आणि पहिल्याच आठवड्यात खटल्याला वेगळं वळण लागतंय की काय असं वाटू लागलं. न्यायाधीशांनी त्यातला बराच भाग नंतर वगळायला लावला. मुलांना मी सांगतो, तुमच्या फाइलमधला फसलेला तर्कसुद्धा तुमच्याआधी वकिलाला पाठ असणार आहे.

सर्व्हरवाले

एफबीआयच्या न्यूयॉर्कमधल्या सायबर पथकातला ख्रिस टार्बेल मात्र लोकांच्या मनातल्या चित्राशी जुळणारा. एफबीआयमध्ये तो आधी अधिकारी नव्हता, कॉम्प्युटर फॉरेन्सिक तपासनीस होता. जप्त हार्ड डिस्कची हुबेहूब प्रत काढायची, हॅश (मजकुरावरून निघणारा, मजकूर बदलला की बदलणारा आकडा) जुळवायची, आत काय आहे ते शोधून अहवाल द्यायचा, अशी काही वर्षं काढून मग तो स्पेशल एजंट झाला. त्याला सर्व्हर दिसला. तो आइसलँडमध्ये होता. २०१३च्या जुलैत तिथल्या पोलिसांनी त्याची प्रत काढून अमेरिकेला दिली आणि सगळा बाजार आतून उघडा पडला. कुठल्या खात्यानं काय विकलं, कुणी कुणाला काय लिहिलं, मालक कुठून आत येतो, सगळं.

पण टॉरमागे दडलेला सर्व्हर सापडला कसा? टार्बेलनं शपथपत्रात सांगितलं, की साइटच्या लॉगिन पानाशी देवाणघेवाण करताना खरा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा यंत्राचा क्रमांक) बाहेर गळत होता, तो आम्ही टिपला. संगणक सुरक्षेतल्या अनेक जाणकारांना हे पटलं नाही. सर्व्हरच्या ज्या सेटिंग्ज खटल्यात दाखल झाल्या, त्या पाहता पत्ता असा गळणार नाही असं त्यांचं म्हणणं. बचाव पक्षातर्फे यावर प्रतिज्ञापत्र केलं ते तंत्रज्ञानाची जाण असलेल्या एका वकिलानं, आणि त्याचा रोख होता नोंदींवर: ज्या क्षणी पत्ता सापडला त्या क्षणाचा कच्चा डेटा कुठे आहे?

न्यायाधीश कॅथरीन फॉरेस्ट या वादात उतरल्याच नाहीत. सर्व्हर माझा आहे असं आरोपी म्हणायलाच तयार नव्हता, मग त्याच्या खासगीपणाचा भंग झाला कसा, एवढ्या मुद्द्यावर त्यांनी आक्षेप फेटाळला. कायद्याच्या दृष्टीनं प्रश्न तिथे मिटला. माझ्या दृष्टीनं नाही मिटला. इतरांनी जप्त केलेल्या डिस्कवर वर्षानुवर्षं काटेकोर काम केलेल्या माणसानं स्वतः शोध लावला तेव्हा त्या शोधाची नोंद संशयाला जागा राहील अशी ठेवली, याचं मला अजूनही वाईट वाटतं. प्रयोगशाळेत मुद्देमाल सीलबंद येतो, पावती असते, नोंदवही असते, शिस्त आपोआप पाळली जाते. जिवंत नेटवर्कवर काम करताना पंचनामा करायला कुणी उभं नसतं. ती शिस्त स्वतःच स्वतःवर लादावी लागते, आणि भल्याभल्यांकडून ती सुटते.

कर खात्यातला माणूस

आता गॅरी अल्फर्ड. शिक्षण अकाउंटिंगचं, नोकरी कर खात्याच्या गुन्हे तपास विभागात. न्यूयॉर्कमध्ये या प्रकरणावर काम करणाऱ्या एका गटात त्याला पाठवलं ते पैशांचा माग काढायला. त्याच्याबद्दल एक गोष्ट प्रसिद्ध आहे: हातात पडलेला कागद तो तीन-तीनदा वाचतो. जमाखर्च तपासणारा माणूस असाच असतो. त्याला चमत्कार नको असतो, पहिली एंट्री हवी असते.

आणि त्यानं तेच शोधलं. कुठलाही धंदा सुरू होतो तेव्हा कुणीतरी पहिल्यांदा त्याची जाहिरात करतं, आणि पहिली जाहिरात करणारा बहुतेक वेळा मालकच असतो, कारण तेव्हा दुसऱ्या कुणाला तो धंदा माहीतच नसतो. सिल्क रोडचं नाव इंटरनेटवर सगळ्यात आधी कुठे आलं? तारखा मागे मागे नेत अल्फर्ड पोचला २७ जानेवारी २०११ या दिवसावर. नशिल्या अळंब्यांच्या शौकिनांच्या एका फोरमवर ‘अल्टॉइड’ नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं, की अशी एक साइट दिसली, कुणी वापरून पाहिली आहे का? दोन दिवसांनी त्याच नावानं बिटकॉइनच्या फोरमवर तसंच काही. त्याच ‘अल्टॉइड’नं २०११च्या ऑक्टोबरमध्ये बिटकॉइन जाणणारा प्रोग्रामर हवा म्हणून लिहिलं आणि खाली ईमेल दिला. पत्त्यात चक्क पूर्ण नाव: रॉस उल्ब्रिक्ट.

इथवर ऐकल्यावर वर्ग हसतो. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही, कारण यानंतर तीनेक महिने काहीच झालं नाही. अल्फर्डनं नाव पुढे दिलं, पण कर खात्यातल्या माणसानं गुगलवर शोधलेल्या नावात दम असेल असं कुणाला वाटलं नाही. ज्यांच्याकडे सर्व्हर होता त्यांच्यापर्यंत ते नाव पोचलंच नाही. सप्टेंबरमध्ये त्यानं तेच नाव सरकारी नोंदींत पुन्हा तपासून घेतलं, आणि या वेळी एक नवी नोंद आली. जुलैमध्ये कॅनडाहून आलेल्या एका टपालात नऊ बनावट ओळखपत्रं सापडली होती, सगळ्यांवर एकाच तरुणाचा फोटो, नावं वेगवेगळी. होमलँड सिक्युरिटीचे लोक सॅन फ्रान्सिस्कोत त्याच्या दारात जाऊन चौकशी करून आले होते. तो तरुण उल्ब्रिक्ट. आणि त्यानं बोलता बोलता सांगितलं होतं, की असल्या गोष्टी सिल्क रोड नावाच्या साइटवर कुणीही कुणाच्याही नावानं मागवू शकतं.

मग अखेर अल्फर्ड आणि एफबीआय एकाच फोनवर आले. टार्बेलच्या लोकांना माहीत होतं, की साइटचा मालक सर्व्हरवर ज्या मार्गानं शिरतो तो सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका कॅफेपर्यंत जातो. अल्फर्डच्या माणसाचा वावर त्याच परिसरात. सर्व्हरवर शिरण्यासाठीच्या एका डिजिटल किल्लीत ‘फ्रॉस्टी’ हे नाव होतं. अल्फर्डकडे प्रोग्रामरांच्या एका प्रश्नोत्तरांच्या साइटवरची नोंद होती, जिथे टॉरबद्दलचा तांत्रिक प्रश्न आधी रॉस उल्ब्रिक्ट या नावानं विचारला गेला आणि मिनिटभरात ते नाव बदलून ‘फ्रॉस्टी’ झालं होतं. एकाकडे नाव होतं, दुसऱ्याकडे सर्व्हर. दोघे शेजारी बसले असते तर उन्हाळाभर हा माणूस मोकळा फिरला नसता.

उघडा लॅपटॉप

नाव मिळालं म्हणजे पुरावा मिळाला असं नाही. उल्ब्रिक्टच्या लॅपटॉपची डिस्क एन्क्रिप्ट केलेली होती. झाकण मिटलं असतं तर आतल्या मजकुराचा पासवर्डशिवाय काहीही उपयोग नव्हता. आपल्याकडे आजही ‘जप्त करा, बंद करा, सील करा’ ही पद्धत अनेकांच्या अंगवळणी पडलेली आहे. या प्रकरणात ती पाळली असती तर खटला दुबळा झाला असता.

१ ऑक्टोबर २०१३, दुपारी सव्वातीनचा सुमार. सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्लेन पार्क भागातलं सार्वजनिक वाचनालय. उल्ब्रिक्ट विज्ञानकथांच्या कपाटांजवळच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला. बाहेर बसलेल्या डेर-येघियायननं ‘सिरस’ म्हणून चॅटवर त्याला एक काम सांगितलं: एक तक्रार आली आहे, जरा लॉगिन करून बघाल का? त्यानं लॉगिन केलं. त्याच क्षणी त्याच्या पाठीमागे एक जोडपं मोठमोठ्यानं भांडू लागलं. दोघेही एफबीआयचे. तो वळून बघतो तोवर लॅपटॉप समोरून उचलला गेला होता.

तो लगेच गेला थॉमस किएर्ननच्या हाती. किएर्नन एफबीआयमध्ये संगणकशास्त्रज्ञ या पदावर होता, बंदूक घेऊन फिरणारा एजंट नव्हे. यंत्र झोपू द्यायचं नाही, पडद्यावर जे आहे त्याचे फोटो काढायचे, चुकीच्या बटणाला हात लावायचा नाही आणि शक्य तेवढं उतरवून घ्यायचं, हे त्याचं काम. पडद्यावर काय होतं? साइटच्या मालकालाच दिसणारं पान आणि ‘सिरस’शी चाललेली चॅट. ती चॅट दोन्ही टोकांनी तपास यंत्रणेच्या हाती आली. याहून घट्ट बांधलेला पुरावा मी पाहिलेला नाही.

आत रोजनिशी होती, साथीदारांशी झालेल्या संभाषणांच्या नोंदी होत्या, सुमारे १,४४,००० बिटकॉइन होते. आणि जमाखर्चाचे तक्ते होते. आपल्या मालमत्तेचा हिशोब मांडताना त्यानं सिल्क रोडची किंमत १०.४ कोटी डॉलर धरली होती. पुढे इल्व्हान युम यानं साइटच्या सर्व्हरवरच्या पाकिटांतून (बिटकॉइन ठेवायच्या डिजिटल ‘वॉलेट’मधून) या लॅपटॉपवरच्या पाकिटांत आलेले ७ लाखांहून अधिक बिटकॉइन एकेक व्यवहार जुळवत न्यायालयात दाखवले. युम एफबीआयमध्ये असताना या तपासात होता; साक्ष दिली तेव्हा तो खासगी सल्लागार कंपनीत गेलेला होता. बिटकॉइन म्हणजे निनावी पैसा असं लोक समजतात. खरं तर ती एक सार्वजनिक खतावणी आहे, कुणालाही वाचता येणारी आणि कधीही न पुसली जाणारी. फक्त ती वाचणारा माणूस खतावणी वाचण्यातला हवा.

बाल्टिमोरचे दोघे

हा भाग मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ घेऊन शिकवतो.

न्यूयॉर्क आणि शिकागोशिवाय बाल्टिमोरमध्येही एक पथक याच साइटच्या मागावर होतं. त्यात डीईए या अमली पदार्थविरोधी यंत्रणेचा कार्ल मार्क फोर्स होता, अमली पदार्थांच्या कारवायांत पंधरा वर्षं घालवलेला, वेशांतर करून गुन्हेगारांत मिसळणारा. आणि सीक्रेट सर्व्हिसचा शॉन ब्रिजेस. ब्रिजेस होता पथकाचा कॉम्प्युटर फॉरेन्सिक तज्ज्ञ. टॉर आणि बिटकॉइन यांतलं त्या पथकात सगळ्यात जास्त त्यालाच कळत होतं. ‘यात करिअर करायचं तर कसं व्हायचं?’ या प्रश्नाला कागदावरचं उत्तर म्हणजे ब्रिजेस.

२०१३च्या जानेवारीत या पथकानं साइटच्या एका कर्मचाऱ्याला युटामध्ये पकडलं. तो सहकार्य करू लागला, आपल्या खात्याचे अधिकार त्यानं तपास यंत्रणेला दिले. २५ जानेवारीला त्याच अधिकारांचा वापर होऊन साइटवरून सुमारे २०,००० बिटकॉइन गायब झाले. मालकाला वाटलं, नोकरानंच चोरी केली. त्यानं त्या नोकराला संपवायचं काम एका अमली पदार्थांच्या व्यापाऱ्याला दिलं, आणि तो ‘व्यापारी’ होता वेशांतरातला फोर्स. मृत्यूचं नाटक रचून फोटो पाठवले गेले. जीव कुणाचाच गेला नाही, पण ज्या चोरीवरून हे सगळं घडलं ती केली होती ब्रिजेसनं, आणि बिचाऱ्या त्या साक्षीदारावर तिचा आळ होता.

चोरलेले बिटकॉइन ब्रिजेसनं माउंट गॉक्सवर विकले आणि पैसे आपल्या कंपनीच्या नावे वळवले. एकूण ८,२०,००० डॉलर, नऊ हप्त्यांत. शेवटचा हप्ता आला ७ मे २०१३ला. ९ मेला माउंट गॉक्सच्या अमेरिकेतल्या खात्यांवर सरकारनं जप्ती आणली, आणि त्या वॉरंटसाठी शपथपत्र केलं होतं खुद्द ब्रिजेसनं. स्वतःचे पैसे सुखरूप बाहेर आल्यावर दोनच दिवसांनी. या दोन तारखा मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो आणि गप्प बसतो. ज्यांनी कधी बँकेचं स्टेटमेंट टिक करत तपासलं आहे, त्यांचा हात आधी वर जातो.

फोर्सची तऱ्हा निराळी. मालकानं वेशांतरातल्या ‘व्यापाऱ्या’ला माहितीच्या बदल्यात दिलेले बिटकॉइन सरकारजमा न करता त्यानं स्वतःच्या खात्यात घातले. शिवाय ‘फ्रेंच मेड’ हे आणखी एक सोंग घेऊन तो मालकाला तपासाची माहिती विकू लागला. एका संदेशाखाली त्यानं चुकून सही केली: ‘कार्ल’. काही तासांनी दुसरा संदेश गेला, की माफ करा, माझं नाव कार्ला सोफिया. पंधरा वर्षं वेशांतरात काढलेल्या माणसाची ही चूक. आपल्यावर कुणी लक्ष ठेवत नाही असं वाटू लागलं, की सराईत गुन्हेगाराचा जसा हात सुटतो तसाच याचाही सुटला.

यांना पकडलं कुणी? पुन्हा एक हिशोबनीस. बिटस्टँप या एक्सचेंजला फोर्सच्या खात्यातल्या हालचाली खटकल्या. एक सरकारी एजंट मोठमोठ्या रकमा काढतो आणि आपला जुना व्यवहार-इतिहास पुसून टाका म्हणतो, हे काय? ही तक्रार पुढे आली ती कर खात्याच्या कॅलिफोर्नियातल्या टिग्रान गंबार्यान या तपास अधिकाऱ्याकडे. आर्मेनियात जन्मलेला, अकाउंटिंग शिकलेला, आधी राज्याच्या कर विभागात काम केलेला माणूस. सरकारी वकील कॅथरिन हॉन यांच्याबरोबर त्यानं पहिल्यांदा फोर्सचे बिटकॉइन खतावणीवर मागे मागे नेले आणि हळूहळू त्या हरवलेल्या २०,०००च्या वाटेवर त्याला ब्रिजेस भेटला. फोर्सचं एन्क्रिप्शनचं सॉफ्टवेअर आणि ‘फ्रेंच मेड’ वापरत असलेलं, दोन्ही एकाच जुन्या आवृत्तीचे निघाले. फॉरेन्सिक तज्ज्ञ ज्या खुणांवरून गुन्हेगार ओळखतात, त्याच खुणांवरून तपास अधिकारी ओळखले गेले.

दोघांनीही २०१५मध्ये गुन्हा कबूल केला. फोर्सला साडेसहा वर्षं झाली, ब्रिजेसला ७१ महिने. तुरुंगात हजर व्हायच्या आदल्या दिवशी ब्रिजेसला पुन्हा अटक झाली. सीक्रेट सर्व्हिसच्या ताब्यातल्या एका पाकिटाची गुप्त किल्ली त्याच्याकडे होती आणि त्यातले सुमारे १,६०० बिटकॉइन त्यानं मधल्या काळात लांबवले होते. त्याबद्दल आणखी दोन वर्षं. मुद्देमालाच्या खोलीची किल्ली खात्याबाहेर गेलेल्या माणसाकडे राहू दिली असती तर कुठल्याही पोलीस ठाण्यात हलकल्लोळ झाला असता. डिजिटल किल्ली दिसत नाही, आणि ती वेळेत बदलली गेली नाही.

तज्ज्ञाच्या बायोडेटात यातलं काहीच दिसत नाही. म्हणूनच मुद्देमालापाशी एकट्या माणसाला न सोडण्याची पद्धत असते, तो कितीही हुशार असला तरी.

कोर्टात तज्ज्ञ कोण

उल्ब्रिक्टचा खटला २०१५च्या जानेवारीत उभा राहिला. फोर्सवरची चौकशी तेव्हा गुप्त होती, त्यामुळे ज्युरीला तिचा पत्ताच नव्हता. ४ फेब्रुवारीला सातही आरोपांत तो दोषी ठरला. मे महिन्यात दोन जन्मठेपा आणि वर चाळीस वर्षं अशी शिक्षा झाली. अपील २०१७मध्ये फेटाळलं गेलं. २०२५च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी त्याला पूर्ण माफी दिली आणि तो सुटला. शिक्षा फार कडक होती असं म्हणणाऱ्यांत मीही आहे. पण तो विषय वेगळा.

आपल्या विषयाचा भाग खटल्याच्या शेवटच्या दिवसांत घडला. बचाव पक्षाला दोन तज्ज्ञ आणायचे होते. एक अँड्रियास अँटोनोपोलोस, बिटकॉइनवर लिहिणारे-बोलणारे जगप्रसिद्ध जाणकार. दुसरे स्टीव्हन बेलोव्हिन, कोलंबिया विद्यापीठातले संगणकशास्त्राचे प्राध्यापक, नेटवर्क सुरक्षेत दबदबा असलेलं नाव. न्यायाधीशांनी दोघांनाही साक्षीला उभं राहू दिलं नाही. नोटीस उशिरा आली, ते नेमकं काय मत देणार आणि कशाच्या आधारावर हे नीट सांगितलेलं नाही, असं कारण दिलं. सरकारच्या बाजूनं युम, किएर्नन, डेर-येघियायन ही सगळी माणसं ‘मी स्वतः हे केलं, हे पाहिलं’ असं सांगणारी होती. विद्वत्ता मोठी की हातानं केलेलं काम मोठं, असा हा सामना नव्हता. पण कोर्टात नुसत्या नावाला किंमत नसते हे यातून चांगलं कळतं.

आपल्याकडे या प्रश्नाला २०२४पासून नवी धार आली आहे. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८प्रमाणे या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. आपले किती तरी निरीक्षक एमपीएससीतून पीएसआय म्हणून आलेले असतात, आणि त्या परीक्षेला कुठल्याही शाखेची पदवी चालते. म्हणजे सायबर गुन्ह्याचा आयओ (तपास अधिकारी) मराठी साहित्याचा असू शकतो, शेतकीचा असू शकतो. याबद्दल नाक मुरडणाऱ्यांना मी अल्फर्डकडे बोट दाखवतो. डिस्कची प्रत आणि विश्लेषण मात्र कलिन्यासारख्या न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत किंवा कलम ७९अ खाली अधिसूचित झालेल्या परीक्षकाकडे जातं. आणि १ जुलै २०२४ला लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र जोडावं लागतं, त्याचे आता दोन भाग आहेत. भाग ‘अ’ पुरावा देणाऱ्यानं भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञानं.

हा ‘ब’ भाग मी वर्गात प्रत्येकाकडून भरून घेतो. त्यात नाव, आईवडिलांचं किंवा जोडीदाराचं नाव, राहतो कुठे किंवा नोकरी कुठे, उपकरण कोणतं, हॅश किती आणि ती कोणत्या पद्धतीनं काढली, असे रकाने आहेत. तुमचं शिक्षण काय, आधी काय काम केलंत, याला रकाना नाही. ते विचारणार उलटतपासणी घेणारा वकील, आणि बहुधा पहिल्या पाच मिनिटांत: असे मोबाइल आजवर किती तपासलेत? हॅश तुम्ही स्वतः काढली की सहायकानं? तेव्हा खोलीत आणखी कोण होतं? मुद्देमालाचं सील कुणासमोर तोडलं? त्याची नोंद कुठे आहे, पान दाखवा.

म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकाला एक बांधीव वही आणायला सांगतो, सुट्या पानांची नको. पानांवर आधीच क्रमांक घालून घ्यायचे. जे उपकरण हातात येईल त्याची वेळ, कुणी दिलं, कसं दिसत होतं, चालू होतं की बंद, हे त्याच वेळी लिहायचं, नंतर आठवून नाही. खाडाखोड करायची असेल तर एक रेघ मारायची, बाजूला सही करायची. कॉमर्सच्या मुलांना हे समजावून सांगावं लागत नाही. कॉम्प्युटरच्या मुलांना साधारण दिवाळीपर्यंत सांगत राहावं लागतं.